कोणाचंच नसलेलं तोंड

युसूफ पेंटर मला पहिल्यांदा भेटले ते शाळेच्या फाटकापाशी. नाव नाही, गाव नाही, सायकल भिंतीला टेकवून त्यांनी थेट विचारलं, "मॅडम, एम्पोरियम मंजे काय?"

मी मंगरूळपीरला नुकतीच बदलून आले होते. डोक्यावर ऊन, काखेत दोन वर्गांच्या वह्या आणि त्यात हा प्रश्न. मी म्हटलं, "दुकान."

"दुकान तं दुकानच असते. मंग त्याले एम्पोरियम काहून म्हनाचं?"

"मोठं दुकान. पुष्कळ तऱ्हेचा माल असलेलं."

"किती तऱ्हेचा?"

माझा स्वभाव तसाही फारसा सोसणारा नाही. मी म्हटलं, "पुष्कळ म्हणजे पुष्कळ. मोजायचा नसतो." त्यांनी समाधानानं मान हलवली. "मंग त्याचं नाई जमत. त्याच्यापाशी फक्त बांगड्या अन् टिकल्या हायेत," असं म्हणून ते सायकलवर बसले आणि गेले. चार दिवसांनी बस स्टँडच्या रस्त्यावर नवी पाटी लागली, 'बांगडी स्टोअर्स'. तो दुकानदार पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हता.

पाट्या रंगवणं हा त्यांचा धंदा आणि अर्थ कळल्याशिवाय ब्रश न उचलणं ही त्यांची खोड. शाळा चौथीपर्यंत, तीही उर्दू. पण देवनागरी, उर्दू, इंग्रजी, कुठलंही अक्षर सांगा, पट्टी न लावता सरळ ओळीत उतरायचं. अर्थ मात्र ज्याच्या त्याच्याकडून विचारून घ्यायचा. औषधांचा शब्द असला तर कंपाउंडरकडून, कचेरीतला असला तर वकिलाच्या कारकुनाकडून, आणि बाकी सगळी इंग्रजी माझ्या गळ्यात. सगळं गाव त्यांना चाचा म्हणे. मीही म्हणू लागले.

एकदा एका सलूनवाल्याला पाटीवर 'एक्सक्लुझिव्ह' हवं होतं. मी चाचांना अर्थ सांगितला, की निवडक लोकांसाठीच असलेलं, बाकीच्यांना मज्जाव. झालं. चाचा सलूनमध्ये जाऊन खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "तू कोनाले नाई म्हनतं ते सांग. मी लिहून देतो." तो बिचारा विचारात पडला. म्हणाला, "मी तं कोनालेच नाई म्हनत, चाचा." मग त्यानं निदान 'न्यू' तरी लिहा म्हटलं. पण दुकान त्याच्या बापापासूनचं. त्यावर पुन्हा दोन दिवस वाद. शेवटी पाटीवर नुसतं त्याचं नाव आलं, पण असं सुरेख की त्यानं पाटी लागल्यावर उभ्या गल्लीला चहा पाजला.

मग गावात फ्लेक्स आला. फ्लेक्सवाल्याला अर्थाशी काही घेणंदेणं नव्हतं, तो सकाळी सांगितलेली पाटी दुपारी हातात देई. चाचांच्या पाट्या एकेक करून गेल्या. त्यांनी कधी कुरकुर केली नाही, पण फ्लेक्सवरचे शब्द वाचून ते मला अर्थ विचारत राहिले. "लिहिनाऱ्यानं इचारलं नाई. कोनी तं इचारलं पाह्यजे," म्हणत.

त्यांच्या हातात राहिली ती नजरेची तोंडं. आमच्याकडे घराचं बांधकाम निघालं की दर्शनी बाजूला एक काळं तोंड टांगतात. बटबटीत डोळे, सुळे, लोंबती लाल जीभ. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर घराआधी त्या तोंडावर पडावी आणि तिथंच जिरावी म्हणून. एकदा टांगलं की वास्तुशांत होईपर्यंत ते खाली उतरवत नाहीत. बाजारात प्लॅस्टिकची मिळतात, शंभर एका छापाची. चाचा पत्र्याची गोल चकती कापून त्यावर ऑइल पेंटनं रंगवत, सुतळीच्या मिशा लावत, आणि एक तोंड दुसऱ्यासारखं कधी होत नसे.

ह्या कामातही त्यांचा एक नियम होताच. मला त्यांनी तो पहिल्याच पावसाळ्यात सांगितला. "नजर कुठी जाते, मॅडम? ह्या तोंडावर जाते. मंग हे तोंड कोनाचंच नाई पाह्यजे. कोनाचं निंघालं तं दुनियाभरची नजर त्या मानसाच्या जिवावर जाईन ना." दुसरंही एक कारण होतं. मशिदीतले एक बुजुर्ग त्यांना जाता-येता टोकत, की जित्या जिवाची तस्वीर काढू नये. चाचा अदबीनं सांगत, "ज्याची शकल दुनियेतच नाई, त्याची तस्वीर कशी होईन, हजरत?" बुजुर्ग मान हलवून पुढे जात. पटलं म्हणून की कंटाळून, ते मला कधी कळलं नाही.

म्हणून तोंड रंगवून झालं की चाचा रस्त्यानं जाणाऱ्या तिघांना थांबवत. "पाहा बरं, हे कोनासारकं दिसते का?" तिघांनीही नाही म्हटलं तरच ते उन्हात वाळायला ठेवायचं. एकदा तिघांतली तिसरी मी होते. घाईत होते, आणि गंमत करायची लहर आली. म्हटलं, "आमच्या हेडमास्तरांसारखं दिसतं." चाचांनी टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि माझ्यादेखत दीड दिवसाचं काम पुसून टाकलं. मी थट्टा केली म्हणून सांगत राहिले, पण तोवर पत्रा कोरा झाला होता. त्यानंतर मी त्यांच्यापुढे जपून बोलायला शिकले.

त्यांच्या दुकानाच्या ओट्यावर अन्सामाय भाजी घेऊन बसे. आसेगावच्या रस्त्याला तिची छोटी वाडी होती. मेथी, सांबार म्हणतात ती कोथिंबीर, वांगी, जे निघेल ते सकाळी टोपलीत घालून आणायची. चाचांचा आणि तिचा तीस वर्षांचा शेजार. चहा एकच मागवत, कप चाचांचा आणि बशी अन्सामायची. दिवसभर दोघांचं तोंड चालू.

"पेंटर, तुमच्या रंगाच्या वासानं माही मेथी सुकते."

"अन्साबाई, तुमच्या जुड्या पाहून गिऱ्हाईकच सुकते. तेवढीशी जुडी बांधता."

"मंग एम्पोरियममधून आना," ती म्हणे. तो किस्सा तिलाही पाठ होता.

एका हिवाळ्यात तिला लकवा मारला. हातपाय वाचले, पण तोंडाची डावी बाजू गेली. डावा डोळा खाली उतरला, ओठाचा डावा कोपरा लोंबला, गाल सैल पडला. तीन महिन्यांनी ती परत ओट्यावर येऊन बसली, नाकापर्यंत पदर ओढून. गिऱ्हाइकं येत होती, पण सगळी भाजीकडे पाहत. मीही त्यातलीच. मेथी निवडायचं निमित्त करून मान वर करत नसे, सुट्टे पैसे टोपलीच्या कडेला ठेवून सटकत असे. मला तिची दया यायची असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते. खरं तर मला पाहवत नव्हतं, आणि हे लिहिताना आज लाज वाटते.

चाचांचं स्टूल तिच्या डाव्या हाताला. तिचं बोलणं आता अडखळे, शब्द ओठातच सांडत. ओठांकडे पाहिलं तरच समजायचं. म्हणून ती बोलू लागली की चाचा ब्रश बाजूला ठेवत, तिच्याकडे वळून बसत आणि सगळं ऐकून मगच उत्तर देत. भांडणं पूर्वीसारखीच चालू झाली, फक्त जरा सावकाश.

त्याच सुमाराला चाचांच्या हातून तोंडं फार झकास उतरू लागली. पाहणारा थबकायचाच. एक डोळा घसरलेला, ओठ एका बाजूनं लोंबलेला, जीभ तिकडूनच बाहेर. सुळे आणि शिंगं दाखवणारं आधीचं तोंड त्यापुढे अगदीच बाळबोध वाटे. मानोऱ्याहून माणसं आली, आसेगावहून आली, मेडशीच्या एका कंडक्टरनं तर बस उभी असताना उतरून एक नेलं. दरवेळी चाचा तिघांना थांबवून विचारत, आणि तिघंही सांगत, "छ्या! कोनासारकंच नाई." दोनदा मीही सांगितलं.

पुढच्या वर्षी बारावीच्या वर्गात मला एक शब्द अडला. ग्रोटेस्क. पोरांच्या गाईडमध्ये 'विचित्र, कुरूप' असा अर्थ होता, तो वह्यांत उतरवून पोरं पुढच्या परिच्छेदावर गेलीसुद्धा. मीच मागे राहिले. कुरूप म्हणजे नुसतं रूप नसलेलं. बेढब म्हणजे आकार चुकलेला. भेसूर भीती घालतं, ओंगळाची किळस येते, विद्रूप म्हणजे आधी बरं होतं ते बिघडलेलं. ह्या शब्दात प्रत्येकाचा थोडा वाटा आहे आणि वर चिमूटभर हसूही आहे. एवढं सगळं मराठीत एका शब्दात बसेना. घंटा झाली, मी डोक्यात तेच घेऊन निघाले आणि चाचांच्या दुकानापुढे पोचले. नुकतंच रंगवलेलं तोंड खिळ्याला टांगलेलं होतं.

"चाचा," मी म्हटलं, "तुमच्या मालाचा इंग्रजी शब्द सापडला."

ते खुलले. त्यांनी मला खडू दिला आणि शटरवर लिहायला लावलं. अक्षरांवरून एकदा नजर फिरवून म्हणाले, "मानी? अर्थ काय?"

"कुरूप, पण अजब. पाहून हसूही येतं, भीतीही वाटते."

"बराबर. अजून?"

शिकवायला बसले की मला थांबता येत नाही. मी म्हटलं, "नुसता राक्षस असून भागत नाही. त्यात काहीतरी ओळखीचं असावं लागतं. माणसाचाच डोळा, माणसाचाच ओठ, पण जागेवरून सरकलेला. अगदीच परकं असतं तर आपण पाहून सोडून दिलं असतं. ओळखीचं असतं म्हणून अंगावर काटा येतो."

"वाक्यात कसा लावतात?"

"मुखवटा ग्रोटेस्क होता. भिंतीवरची सावली ग्रोटेस्क दिसत होती."

"मानसाले लावतात?"

"लावतात की. डिक्शनरीत आहे. त्याचा चेहरा ग्रोटेस्क होता, असं."

"पोरायले तसं शिकवू नोका, मॅडम."

"अहो, पुस्तकात दिलंय."

"पुस्तकवाल्याच्या घरात कोनाले लकवा मारला नसन," चाचा म्हणाले.

हे बोलले आणि खिळ्यावरच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग उठले, तळहातानं त्याची उजवी बाजू झाकली, शिंगावर बोटं आडवी धरली. उरलेल्या अर्ध्या भागाकडे पाहून मला म्हणाले, "मॅडम, खरं सांगा. हे कोनाचं हाय?"

जिच्या तोंडाकडे मी जवळजवळ दोन वर्षं पाहिलं नव्हतं, ती मला एका क्षणात ओळखू आली. मी म्हटलं, "अन्सामाय."

त्यांनी ते तोंड खिळ्यावरून काढलं आणि उलटं करून मांडीवर ठेवलं. अन्सामाय त्या वेळी बारा दिवस ओट्यावर आली नव्हती. ताप उतरत नाही एवढं कळलं होतं.

"नऊ गेले ह्या शकलीचे," चाचा म्हणाले. "नऊ घरायची नजर बाईवर चालली."

मी माझ्या परीनं समजावलं. ताप मच्छरानं येतो, पाण्यानं येतो, पत्र्यावरच्या रंगानं येत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "असन. तुमी शिकेल आहा. पन मले पुसू द्या."

मी चिडले होते, पण त्यांच्यावर नव्हे. शब्द मीच आणला होता, दोनदा 'कोणासारखंच नाही' असंही मीच म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी स्कूटी त्यांच्या दुकानापुढे उभी केली आणि म्हटलं, "बसा."

तोंड खाली उतरवायला कोणीच तयार नव्हतं. काम अर्धवट, स्लॅब अजून पडायचाय, आणि तोंड काढा म्हणता? मग चाचांनी ठरवलं की जागच्या जागीच रंगवायचं. गवंड्यांची शिडी मागायची, सत्तरीतले गुडघे एकेक पायरीवर ठेवत वर चढायचं, डबा एका हातात. घसरलेला डोळा पुसून दुसऱ्याच्या ओळीत आणायचा, ओठ सारखा करायचा, जीभ मधोमध. आसेगावला एका घरची मालकीण खाली उभी राहून पाहत होती. "चाचा, चांगलं भेसूर हाय ना. कायले हात लावता?"

"चुकलं हाय, ताई."

"भुताच्या तोंडात काय चुकते?"

चाचा हसले आणि काम करत राहिले. खाली उतरून त्यांनी वर पाहिलं तेव्हा मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं. तोंड अगदी साधं झालं होतं, बाजारच्या प्लॅस्टिकसारखं. अक्षर केसभर वाकडं गेलं तर पाटी परत घेणारा माणूस, आणि आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम तो आपल्या हातानं घराघरांवर जाऊन बिघडवत होता. हौसेनं नेलेली तोंडं अशी मिळमिळीत झालेली पाहून लोक नाराज झाले. एकानं तर तोंडावर सांगितलं, "म्हातारपनी हात गेला तुमचा." ते फक्त "हो" म्हणाले.

आठवड्यात आठ झाली. मेडशीचं तेवढं राहिलं. इकडे अन्सामायचा ताप उतरला. माझ्या मते सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी उतरला, चाचांच्या मते आठ तोंडं पुसल्यानं. त्यामुळे नववं त्यांना फारच खुपू लागलं. पण आधी तिला जाऊन सांगायचं, असं त्यांनी काढलं.

मी विरोध केला. "तिला ठाऊक नाही, पुसूनही होत आलंय. सांगून तिचं दुःख कशाला वाढवता?"

"तिचं तोंड मी तिले न इचारता घेतलं. आता न इचारताच पुसून राह्यलो. ही बी चोरीच झाली."

वाडीत अन्सामाय लिंबाच्या सावलीत बाजेवर पडली होती. घरचं कोणी जवळ नव्हतं, म्हणून पदर खांद्यावर. आम्हाला पाहून तिचा हात पदराकडे गेला, पण चाचा आहेत म्हटल्यावर तिनं तो राहू दिला. चाचा समोर जमिनीवर बसले. इकडचं तिकडचं काही नाही, सरळ सांगून टाकलं. हात कसा बसत गेला, नऊ तोंडं कशी गेली, आठ कशी पुसली. माफ करा म्हणाले. ते सांगत होते आणि मी कडुलिंबाची पडलेली पानं मोजत बसले होते.

अन्सामायनं एकेक शब्द सावकाश जुळवत विचारलं, "माह्यं तोंड? लोकायच्या घरावर?"

"हो."

"लागली का मंग नजर, त्या घरायले?"

चाचांनी विचार केला. "नाई. एकाले बी नाई."

ती हसली. हसू एकाच बाजूला आलं. "दोन वर्सं झाले, पेंटर. सून ताट ठेवते तं भिताडाकडे पाहून ठेवते. पोरगा बोलते तं माह्या पायाकडे पाहून बोलते. ह्या मॅडम बी मेथीच पाह्यतात. मले वाटे, हे तोंड आता कोनाच्याच कामाचं नाई राह्यलं. अन् तुमी म्हनता त्यानं नऊ घरं राखली. मंग पुसली कायले?"

"तुमच्यावर नजर येईन म्हनून."

"येऊ द्या ना," अन्सामाय म्हणाली. "कोनी तं पाहीन."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. चाचांनी मान खाली घातली.  मग तीच म्हणाली, "एक राह्यलं म्हनता ना मेडशीले? ते राहू द्या. त्याले हात नोका लावू."

परत येताना ते स्कूटीवर मागे बसले होते. त्यांची अडचण मला दिसत होती. पुसावं तर बाईचा शब्द मोडतो, राहू द्यावं तर त्यांच्या हिशेबी तिच्या जिवाला घोर. माझ्यासारखीनं असल्या गोष्टींवर विश्वास न ठेवता सुखानं झोपावं, पण त्यांचा विश्वास होता आणि तो त्यांना झोपू देत नव्हता. पुढचे तीन दिवस शटर अर्धं खाली होतं. आत काम चालू असल्याचा टर्पेंटाइनचा वास येत होता, पण तिघांना थांबवून विचारायला काही ते बाहेर आले नाहीत.

रविवारी सकाळी पिशवी घेऊन दारात उभे. "मॅडम, मेडशीले येता का?"

एसटीनं निघालो, आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावला बस बदलली. दोन्ही बाजूंनी सोयाबीन पिवळं पडत आलं होतं. पिशवीत रंगाचा डबा वाजत होता, तो ऐकून माझं डोकं तापलं. मी म्हटलं, "चाचा, ते पुसणार असाल तर मी अन्सामायच्या बाजूनं आहे. शिडी धरणार नाही." ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "नोका धरू." मग मी मेडशी येईपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही.

कंडक्टरचं घर रस्त्यालगतच होतं. खालचा मजला झालेला, वरचा अर्धा. दर्शनी खांबावर अन्सामाय रस्त्याकडे पाहत होती. दोन शिंगं होती, सुळे होते, तरी ती तीच होती. आता ओळखल्यावर तिच्यावरून नजर हलेना. मी तिच्याकडे पोटभर पाहून घेतलं. चाचाही पाहत होते. कंडक्टर बाहेर आला, शिडी आणली.

ह्यानंतर आठवड्याभरात माझी बदली वाशीमला झाली. घरसामान हलवण्याच्या गडबडीत त्यांना भेटायचं राहिलं ते राहिलंच, आणि दोन वर्षांनी ते गेल्याचं फोनवर कळलं. अन्सामाय अजून ओट्यावर बसते. मी मंगरूळपीरला गेले की तिच्यासमोर उकिडवी बसून मेथी घेते आणि तिचं बोलणं ओठांकडे पाहून ऐकते. पण चाचा म्हटलं की मला मेडशीचीच दुपार आठवते.

ते शिडी चढले. डबा खालीच ठेवला होता. वर जाऊन त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक चकती काढली, आणि अन्सामायच्या वीतभर वर खिळा ठोकून ती टांगली. कागद खाली पडला. वाकडी भुवई, मेंदीची दाढी, समोरचे दोन दात नाहीत, आणि दोन्ही बाजूंनी मात्र हे एवढाले सुळे.

कंडक्टर आधी हसला, मग हसायचा थांबला. "चाचा, हे तं तुमीच आहा!"

"मीच हाय," चाचा वरून म्हणाले. "वरचं पयले दिसते. नजर पयले माह्यावर येईन. उरलीसुरली खाली जाईन."

"पन तुमीच म्हनत होते ना, कोनाचंच तोंड नाई पाह्यजे?"

"ह्या मानसाले पयले इचारलं ना मी," चाचा म्हणाले. "तो हो म्हनला."

मग त्यांनी शिडीवरून वळून मला विचारलं, "मॅडम, सरळ लागलं का?" मी दोन्ही हातांनी शिडी धरली होती. मी वर पाहून म्हटलं, लागलं.